शब्दचर्चा: ‘सॉर्ट’ म्हणजे वर्गीकरण नव्हे

प्रश्न: तक्त्यातल्या नोंदी सॉर्ट करायच्या आज्ञेला ‘वर्गीकरण’ म्हणावं का? आणि ‘स्टेबल सॉर्ट’ला ‘स्थिर’ चालेल?

उत्तर: वर्गीकरण नको. त्यात गट पडतात, पण गटांना मागेपुढे नसतं. इथे प्रत्येक ओळीची जागा ठरते, म्हणून ‘क्रम लावणे’. चढता-उतरता क्रम शाळेपासून तोंडात आहे. निकष सांगायला गाववार, तारीखवार, अकारविल्हे (वर्णक्रमाने) असे नेमके शब्द आहेतच. ते वापरातून जाऊ नयेत.

‘स्थिर’ चालेल, पण काय स्थिर ते सांगा. ओळी हलतातच, निकष सारखा असलेल्या ओळींचा आपसातला आधीचा क्रम तेवढा टिकतो. यादी गाववार आणि गावात अकारविल्हे हवी, तर आधी नावावर क्रम लावायचा: अनंत (आजरा), कमल (वाई), सुमन (आजरा). मग गावावर: आजऱ्याचे अनंत, सुमन, नंतर वाईची कमल. ही दुसरी फेरी स्थिर नसेल तर सुमन अनंतच्या वर जाऊ शकते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘सॉर्टेड’ स्थिर आहे. तिच्या पांडाज या तक्ते हाताळायच्या संचात एका स्तंभावर क्रम लावताना न सांगता क्विकसॉर्ट ही स्थिर नसलेली पद्धत चालते; ‘स्टेबल’ मुद्दाम सांगावं लागतं. पाच-दहा ओळींच्या चाचणीत ही चूक लपू शकते.

पुरवणी: ‘अकारविल्हे’ला एक अट हवी. युनिकोडच्या संकेतांकांत (संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांत) ळ हा व-च्या आधी येतो, म्हणून ‘कळस’ ‘कवच’च्या वर बसतो. मराठी कोशात ळ ह-नंतर, म्हणजे कवच आधी. त्यासाठी मराठी क्रमनियमांनी प्रत्येक नावाची किल्ली, म्हणजे तुलनेसाठीचं मूल्य, घडवावी, तीही एकदाच. 10 लाख ओळींना सुमारे 2 कोटी तुलना लागतात. दर तुलनेला दोन्ही बाजूंच्या किल्ल्या घडवल्या तर ते काम 4 कोटी वेळा होतं.

प्रश्न: मग इंग्रजी ‘की’ला (key) निकष म्हणायचं की किल्ली?

उत्तर: दोन्ही, वेगळ्या अर्थांनी. ‘गाव’ हा स्तंभ निकष. त्यावरून घडवलेलं, तुलनेला घेतलेलं मूल्य किल्ली. ओळी लांबलचक असतील तर त्या हलवूच नयेत: किल्ली आणि ओळ क्रमांक एवढी जोडी हलवावी, ओळी शेवटी त्या क्रमाने उचलाव्यात.

मेमरीत न मावणाऱ्या यादीच्या ‘एक्स्टर्नल सॉर्ट’ला मात्र ‘बाह्य’ म्हणू नका, काहीच कळत नाही. ‘तुकड्यांनी क्रम लावणे’ म्हणा: मेमरीत मावेल एवढा तुकडा घ्या, क्रम लावून डिस्कवर ठेवा, मग सगळ्या तुकड्यांच्या तोंडाशी असलेल्यांतली क्रमाने सर्वांत आधी येणारी ओळ उचलत जा.