‘सगळं मनाचं असतं’ म्हणणाऱ्यांनी ते संशोधन शेवटपर्यंत वाचलंय का?

रानजाई
परवा ‘सडेतोड’ यांची पोस्ट वाचल्यापासून डोकं उठलंय. तिथे प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बायकांचं सतत थकणं, कंबर दुखणं, अंगावरून पांढरं जाणं हे बहुतेक मनाचं असतं. गोव्यातल्या संशोधनाने ते सिद्ध झालंय. आपल्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणं काढली, कधी कुरकुर केली नाही. आता घरं लहान झाली, वेळ रिकामा झाला आणि दुखणी आली, तेव्हा मन रमवा.

ज्याचा हवाला दिलाय ते मी वाचलंय. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात १८ ते ५० वयाच्या जवळपास अडीच हजार बायकांची पाहणी केली, थकव्यावरचा निबंध २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. साधारण १२ टक्के बायकांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचं सांगितलं. हिमोग्लोबिन मोजलं, तर त्याचा आणि थकव्याचा संबंध लागला नाही. सडेतोड, तुम्ही इथे थांबलात. पुढे काय लिहिलंय? थकवा जास्त कोणाला, तर ज्यांच्या घरावर कर्ज, ज्यांचं शिक्षण कमी, ज्यांच्यावर नवरा जबरदस्ती करतो, ज्यांचं वजन कमी. मानसिक त्रासाशी संबंध सगळ्यात घट्ट होता, खरंय. पण तो त्रास रिकाम्या वेळातून येतो असं त्यात कुठेच नाही. नवऱ्याच्या जबरदस्तीवरची ओळ गाळायची आणि त्याच निबंधाच्या जोरावर बायकांना ‘मन रमवा’ सांगायचं, हे मला सहन होत नाही.

सडेतोड
ताई, शांतपणे घ्या. मनाचं म्हणजे खोटं, असं मी लिहिलेलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचं सांगतो. वर्षानुवर्षं अशक्तपणा. टॉनिक झालं, सलाईन झालं, दोनदा सोनोग्राफी, एकाने थायरॉइड म्हणून पाठवलं, दुसऱ्याने मणका म्हणून. भाऊजींचा पगार त्यात गेला. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञाने नैराश्य ओळखलं, आणि आज ती पूर्वीसारखी कामाला लागलीये. कोणी पहिल्याच दिवशी ‘हे मनाचं आहे’ असं स्पष्ट सांगितलं असतं तर तिची ती वर्षं वाचली असती. माझी पोस्ट त्या रागातून आलीये. तुम्हाला त्यात पुरुषी माज दिसला, तर दिसो.

रानजाई
मग हेच लिहायचं होतं ना. आज्यांना आणि रिकाम्या वेळाला मध्ये का आणलंत?

दवाखान्यातला
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. तुम्हा दोघांनाही विचारतो, हिमोग्लोबिनशी संबंध नाही म्हणजे काय समजायचं? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयात निघाल्या. गोव्यातल्या निबंधाचा आधार घेऊन उद्या कोणी लोहाच्या गोळ्या बंद करेल, त्याला जबाबदार कोण?

आणि तो अभ्यास एका वेळचं मोजमाप आहे. आधी थकवा आला म्हणून मन खचलं, की मन खचलं म्हणून थकवा आला, हे त्यातून ठरत नाही. रानजाईताई, हे तुमच्या मांडणीलाही तितकंच लागू आहे.

दुसरं, गडचिरोली विसरू नका. राणी बंग आणि अभय बंग यांचा १९८९ चा ‘लॅन्सेट’मधला अभ्यास: दोन गावं, ६५० बायका, प्रत्यक्ष तपासणी. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, सरासरी एकीला ३.६. आधी तपासणी आणि उपचार मिळाले होते फक्त ८ टक्क्यांना. हे शरीराचे आजार होते. आता त्या बायकांना समुपदेशनाला पाठवायचं होतं का?

पेडण्याची
डॉक्टर, समुपदेशनाचं नाव घेताना जरा जपून. मी गोव्यातली आहे, आमच्याकडे हे काम आरोग्य केंद्रांतच झालंय. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलायचं, छोटी-छोटी कामं परत सुरू करून द्यायची. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आहेत: तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्के. हे बोलणं मानसोपचारतज्ज्ञांनी केलेलं नव्हतं. माझ्या मावशीला अशाच एका बाईने पुन्हा बाजाराला जायला लावलं. आधी ओट्यापर्यंत ये, मग गाड्यापर्यंत, मग मासळी मार्केट. गोळी एकही नाही.

तेव्हा ‘समुपदेशनाला पाठवायचं का’ या प्रश्नाला माझं उत्तर: हो, तपासणी करून झाली की पाठवा.

दवाखान्यातला
तपासणी ‘करून झाली की’! माझ्या ओपीडीचं दृश्य सांगतो. बाई समोर बसते, पदर हातात पिळत असते, शेजारी सासू. “पांढरं जातं” एवढंच बोलते. आत तपासायचं तर आडोसा नाही, सिस्टर लसीकरणाला गेलेली, बाहेर रांग. मी संसर्गावरच्या गोळ्यांचं हिरवं किट देतो, एक तिला, एक नवऱ्याला. नवरा घेणार नाही हे मलाही माहीत असतं. गोव्याच्याच पाहणीत पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी जास्त निघाला होता, हेही मला माहीत आहे. पण सासूसमोर कोणता प्रश्न विचारू ते सांगा.

कोयता_बीड
डॉक्टरसाहेब किट तरी देतात. आमच्याकडं पांढरं जातं म्हटलं की गर्भाची पिशवी काढतात.

तुम्ही सगळे मन की शरीर यावर भांडताय. माझे आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले की हंगामभर सांगली नाहीतर कर्नाटक. पहाटे फडात, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. मुक्काम कोपीत, म्हणजे झोपडीत, संडास नाही, न्हाणी नाही. पाळीच्या दिवसात कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. एक दिवस पडून राहिली तर खाडा, त्याचे पैसे उचलीतून कापणार. मग अंगावरून जाणार नाही तर काय होणार? आन् थकवा? त्याला संशोधन कशाला पाहिजे.

२०१९ ला सगळं बाहेर आलं. सरकारनं समिती नेमली, नीलम गोऱ्हे अध्यक्ष. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. माझी आई त्यातलीच. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफीचा कागद दाखवून सांगितलं, ‘ठेवलीत तर कॅन्सर होईल.’ तिशीच्या आत होती. ऑपरेशनसाठी परत उचल. ती फेडायला परत फड. आज तिचे गुडघे, कंबर, झोप सगळं गेलंय. रात्री अंगाची आग होते म्हणून ओट्यावर येऊन बसती. यातलं किती मनाचं, किती शरीराचं, मोजून द्या मला.

सडेतोड
वाचून वाईट वाटलं, पण धागा कुठे चाललाय? तो अन्याय आहे, त्याचा माझ्या पोस्टशी संबंध नाही. आणि ऑपरेशनच्या कागदावर सही तर घरच्यांनीच केलेली असते. किती जणी स्वतःहून म्हणतात की पाळीची कटकट एकदाची काढून टाका, हेही बोललं पाहिजे.

कोयता_बीड
स्वतःहून? खाडा भरायला तुम्ही येणार का? पाळी आली की मजुरी बुडते, डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, मुकादम उचल द्यायला तयारच असतो. याला तुम्ही मर्जी म्हणता? माझ्या आईच्या सहीबद्दल परत एक शब्द बोलू नका.

दवाखान्यातला
एक स्पष्ट करतो, कारण इथे सगळे डॉक्टर एकाच पंक्तीत बसवले जाताहेत. रक्तस्राव थांबत नाही, गाठी मोठ्या आहेत, तेव्हा हे ऑपरेशन जीव वाचवतं. बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली तेव्हा खऱ्या गरजू बायकाही कागदांसाठी खेटे घालत होत्या. हा प्रकार एका जिल्ह्याचा नाही. राजस्थान, बिहार, छत्तीसगडमध्येही हेच झालं, त्यावर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना आदेश द्यावे लागले. पण तिशीच्या आत, नुसत्या पांढऱ्या जाण्यावर पिशवी काढणारा माझ्या लेखी गुन्हेगार आहे. यावर कोयता_बीड यांच्याशी माझा वाद नाही.

रानजाई
माझा धागा पिशवीवर गेला म्हणून मी तक्रार करणार नाही, कारण मूळ प्रश्न तिथेच जाऊन भिडतोय. बाई सांगते, ‘पांढरं जातं.’ सडेतोड म्हणतात मनाचं, मन रमव. तिकडचा डॉक्टर म्हणतो पिशवीचं, काढून टाक. घरात काय चाललंय, फडात काय चाललंय, हे दोघांनीही विचारलं नाही. गोव्याच्या निबंधात नेमकं तेच विचारलं होतं: कर्ज आहे का, नवरा मारतो का. मला त्या संशोधनाचं मोल वाटतं ते यासाठी.

पेडण्याची
इथे मी रानजाईंशी पूर्ण सहमत नाही. घरातलं कर्ज आणि फडातली मजुरी समुपदेशक बदलू शकत नाही. आधी समाज बदलू दे मग बाईला बरं वाटेल, असं म्हणत बसलो तर माझी मावशी अजून अंथरुणातच असती. आज जे देता येतं ते आज द्या.

कोयता_बीड
अन् बरी करून परत त्याच फडात पाठवा?

पेडण्याची
दादा, तुमचा राग कळतो. पण तुमच्या आईची झोप गेलीये, तिच्याशी बोलायला कोणी आलं तर तुम्ही नको म्हणाल?

कोयता_बीड
नाही म्हणणार. पण बोलून झालं म्हणजे काम झालं, असं मानणार असाल तर नको म्हणीन.

निवृत्त_सिस्टर
मी उपकेंद्रावर नर्सबाई म्हणून नोकरी काढली. सगळं वाचलं, आज्यांच्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. सडेतोडभाऊ, तुमची आजी कुरकुरली नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही मुलगे होतात, तुम्हाला सांगणारच नव्हत्या.

माझ्या सासूबाईंचं अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येत होतं. कित्येक वर्षं. चुंबळीसारखी चिंधी गुंडाळून आत ठेवायच्या आणि तशाच वाकून भात लावायच्या. घरात नर्स सून असून मला कळलं केव्हा, तर त्या आजारी पडल्या आणि मी त्यांना अंघोळ घालायला घेतली तेव्हा. चिंधी काढली तर जखम झालेली. मी रडले, तर मलाच म्हणाल्या, “गप बस, बाहेर बोलू नको.” वर डॉक्टरांनी गडचिरोलीचा अभ्यास सांगितला ना, त्यात ४५ टक्के बायकांनी कसलाच त्रास नाही म्हणून सांगितलं होतं आणि आजार निघाले ९२ टक्क्यांना. तुमच्या न कुरकुरणाऱ्या आज्या त्या ४५ टक्क्यांत होत्या.

आजच्या मुली बोलतात. त्याने दुखणी वाढलेली दिसतात, वाढली आहेतच असं नाही.

सडेतोड
सिस्टर, आज्यांबद्दलचं वाक्य काढतो, मूळ पोस्टमधूनही काढतो. बहिणीच्या बाबतीतलं माझं म्हणणं तसंच राहील: नैराश्य लवकर ओळखा आणि स्पष्ट नाव घेऊन सांगा. ते सांगायला कोणी लाजू नये.

निवृत्त_सिस्टर
स्पष्ट सांगा, पण बाईला आधी पुरतं बोलू द्या. आणि डॉक्टर, सासूचं विचारलंत म्हणून सांगते. आम्ही सासूला वजनकाट्यावर पाठवायचो. “आजी, तुमचंही वजन, बीपी बघून घेऊ” म्हटलं की म्हातारी खुशीने उठते. तेवढ्या वेळात सून बोलते.

दवाखान्यातला
हे करता येईल. आडोशाची मागणी मी परत लावतो, पडदा मिळाला नाही तर गावातून घेईन. पण नवरा मारतो असं ती म्हणाली, तर मी तिला कुठे पाठवायचं? तालुक्याला समुपदेशक नाही, संरक्षण अधिकारी महिन्यातून किती दिवस भेटतो ते विचारू नका. उत्तर देता येत नसेल तर तो प्रश्न तिला विचारणं मला अजूनही धोक्याचं वाटतं.

रानजाई
न विचारणं जास्त धोक्याचं आहे, डॉक्टर. यावर आपलं जमणार नाही.

कोयता_बीड
तुमचं जमो न जमो. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. निघायच्या आधी गावात एक तपासणी, आल्यावर एक, आणि दोन्ही वेळी कागद बाईच्या हातात, मुकादमाच्या नाही. डॉक्टरसाहेब, तुमच्या केंद्राच्या हद्दीत टोळ्या उतरत असतील तर एवढं तुमच्यापासून सुरू करा.

दवाखान्यातला
उतरतात. कारखान्याच्या तळावर जायला गाडी मिळाली तर करतो. सिस्टर, बायकांना काय-काय विचारायचं त्याची यादी मला लिहून द्या.