चार्जर लावल्यावरच मॉनिटर लुकलुकतो? आधी अर्थिंग बघा
लॅपटॉप बॅटरीवर असताना त्याला जोडलेला मॉनिटर नीट चालतो, चार्जर लावला की लुकलुकतो, असा प्रश्न आहे, आणि त्यावर बहुतेकांनी ड्रायव्हर (स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करायला सांगितलंय. माझ्या मते त्यात वेळ घालवू नका. ड्रायव्हरचा दोष असता तर तो बॅटरीवरही बहुधा दिसलाच असता.

चार्जर तीन पिनांचा आहे का? मग तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावा, टू-पिन कन्व्हर्टर मधून काढून टाका. चार्जरच्या आत विजेतला गोंगाट (नको असलेले सिग्नल) दाबणारे कपॅसिटर नावाचे छोटे भाग असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यातून झिरपणारा किंचित प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीवर येतो (धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या येतात, त्या यामुळेच) आणि एचडीएमआय केबलच्या (मॉनिटरला चित्र पोचवणाऱ्या केबलच्या) धातूच्या आवरणातून मॉनिटरकडे वाट काढतो. सिग्नल बिघडायला एवढं पुरतं. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच, हा प्रश्न फक्त मॉनिटरचा नाही, जिवाचाही आहे. लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावूनही बघा.

अर्थिंग ठीक निघालं तर रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने दाखवलं जातं तो आकडा) ६० वरून ३० हर्ट्झ करा. लुकलुकणं थांबलं, तर टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर किंवा केबलला तेवढा डेटा झेपत नाहीये. फोर-के (जास्त बारकाव्याचं चित्र) ६० हर्ट्झला एचडीएमआयची २.० आवृत्ती लागते, १.४ चा अडॅप्टर फोर-केला ३० वरच थांबतो. चार्जिंगही त्याच अडॅप्टरमधून (म्हणजे अनेक पोर्ट असलेल्या हबमधून) होत असेल तर चार्जर थेट लॅपटॉपला लावून फरक पडतो का ते कळवा.