अंदाज जिल्ह्याचा, नुकसान वावराचं : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता, पारोळा

२०२५ चा मे महिना डोक्यातून जात नाही. २४ मेला मान्सून केरळात आला, २६ ला मुंबईत. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. आमच्याकडेही वळवाचे दणके बसलेले, जमिनीत ओल चांगली होती. मोबाईलवर रोज ढगाखाली थेंबांचं चित्र, आणि गावच्या ग्रुपवर ‘आठ दिवसांत सर्वदूर पाऊस’ असे निरोप. मी १ जूनला पाच एकर कोरडवाहूत सरकी (कपाशीचं बी) टोबली. त्या वर्षी पाकीट ९०१ रुपयांना होतं. एकरी दोन, म्हणजे दहा पाकिटं.

आणि मुंबईत पोचलेला मान्सून पंधरवडाभर जागचा हलला नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मोड वर आले, दोन पानं उघडली, मग वारं सुटलं. कोरडं, दिवसभर. मी तासात बसून बोटाने माती उकरली. खालचा मोड तांबूस पडून दोऱ्यासारखा वाळला होता. नांग्या भराव्यात म्हटलं तर निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या. वखर घातला आणि आर्द्रात परत लागवड केली. बियाणं दुप्पट, मजुरी दुप्पट.

कृषी खातं दरवर्षी सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मी थांबलो नाही, ही माझी चूक. पण ‘येणार’ असं ठाम ऐकल्यावर शेजारचं वावर टोबलं जात असताना बांधावर उभं राहणं फार अवघड असतं. अंदाज चुकला याचा राग नाही. चुकण्याची शक्यता किती, हे कोणी सांगत नाही याचा आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून लिहा. शेतीचंच हवं असं नाही.

नंदुरबार, मिरची व्यापार

ओली लाल मिरची घ्यायची आणि पथारीवर, म्हणजे मोकळ्या मैदानावर पसरून, वाळवायची, हा आमचा धंदा. नोव्हेंबर होता, आठवडाभराचा अंदाज कोरडा होता, म्हणून तीन गाड्या माल उतरवून घेतला. चौथ्या रात्री साडेतीनला पत्र्यावर टपटप ऐकू आली. ताडपत्र्या होत्या, पण पथारी केवढी! माणसं उठवून आणेपर्यंत अर्धा माल भिजला. अर्धवट वाळलेली मिरची भिजली की आधी देठाशी काळी पडते, मग रंग उडतो, फोडली तर आत बुरशी. तिची फटकी होते आणि फटकीला चांगल्या मालाच्या निम्मासुद्धा भाव मिळत नाही. सकाळी बाया उलटवणीला आल्या, पथारी बघून कडेला बसून राहिल्या. त्यांचाही आठवडा बुडाला, आणि त्यांच्या मजुरीला कुठलीच भरपाई नसते. माझं नुकसान मी दोन वर्षांत भरून काढलं. त्यांचं कसं भरलं असेल?

यावल, केळी

पावसाचा इशारा होता, वाऱ्याचा नव्हता. घड कापणीला दहा दिवस उरलेले. वीस मिनिटांत बाग आडवी झाली. केळीचं झाड कधी मुळासकट उपटतं, कधी मधूनच मोडतं, आणि घड खाली आपटून फुटतो. आधी कळलं असतं तर तयार घड दोन दिवसांत उतरवले असते, मिळेल त्या भावात दिले असते.

थंडीचंही तेच. फळपीक विम्यासाठी तापमान धरतात ते महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावरचं. माझी बाग नाल्याकाठी खोलगटात आहे, पहाटे थंडी तिथे साचते. केंद्रावरचा आकडा आणि माझ्या पानांवरचा थंडीचा चरका यांचा मेळ कधीच बसत नाही.

जळगाव शहर, गृहिणी

दादा, तुमच्या नुकसानीपुढे माझं लहान आहे, तरी लिहिते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आम्ही पाच जणी मिळून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करतो. ज्वारीचा घाटा पहाटे चारला चुलीवर चढतो. ओल्या धोतरावर बिबडा थापायचा, धोतरासकट गच्चीवर न्यायचा, दुपारी सुकला की हलक्या हाताने सोडवायचा. आदल्या रात्री तीन ठिकाणी हवामान पाहिलं, तिन्ही ठिकाणी सूर्य. बाराला काळं आभाळ आलं आणि दहा मिनिटांत घाटा धोतरावरून वाहून गेला. सासूबाई सत्तरीच्या, त्यांनी ज्वारी निवडण्यापासून केलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, धोतरं पिळत राहिल्या. मला त्यांचे ते हात अजून दिसतात.

शिंदखेडा

आमचे बाबा मी अंदाज वाचून दाखवला की एकच विचारतात, “मोबाईलनं पानी वावरमां येस का?” मागच्या पाच पावसाळ्यांत मला छातीठोक उत्तर देता आलेलं नाही.

शिरपूर, भूगोल शिक्षक

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट सांगावीशी वाटते. अधिकृत अंदाजातल्या शब्दांना ठरलेले अर्थ असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत. ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर. म्हणजे चार गावांतल्या तीन गावांत थेंब पडला नाही तरी ‘तुरळक’चा अंदाज कागदावर बरोबर ठरतो.

त्यात आपला मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. नवापूर, धडगावकडे पाणी बरं आणि शिंदखेड्याकडे आभाळाकडे डोळे. जळगाव जिल्ह्याच्या एका टोकाला रावेरचा सातपुडा, दुसऱ्या टोकाला चाळीसगावची सातमाळा. एका रंगाचा इशारा दोन्हीकडे कसा लागू पडेल? वळवाचा ढग दोन-चार गावांपुरता असतो, आणि अंदाजाचं गणित मांडलं जातं नकाशावरच्या मोठ्या चौकोनांवर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची भारत फोरकास्ट सिस्टीम ही अंदाजप्रणाली मे २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तो चौकोन १२ किलोमीटरवरून ६ वर आला. ही खरी प्रगती आहे. पण सहा किलोमीटरमध्येसुद्धा दोन शिवारं मावतात.

धागाकर्ता

सर, ‘तुरळक’चा हा अर्थ मला पन्नाशीत कळतोय. इशाऱ्याखाली ही एक ओळ छापली तर किती जणांचं बियाणं वाचेल!

शहादा

वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी अ‍ॅप ठेवा. मी शेळ्या घेऊन वावरात होतो, इशारा आला, निंबाखालून निघून घर गाठलं. लगेचच गावाजवळ वीज पडली. जे जमतं तेही सांगायला हवं.

चाळीसगाव

३१ ऑगस्ट २०२१. तितूर आणि डोंगरी या नद्यांचं पाणी शहरात शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. आमच्या दुकानात कंबरेएवढा गाळ. मी झोपताना शहराचा अंदाज पाहिला होता, त्यात हलक्या सरी होत्या. चुकीचं मी पाहत होतो. नदीकाठच्या माणसाला स्वतःच्या डोक्यावरच्या पावसापेक्षा वरच्या डोंगरातला पाऊस कळायला हवा. पाटणादेवीकडे रात्री किती पडला, हे दोन तास आधी कोणी सांगितलं असतं तर खालच्या फळ्यांवरचा माल तरी वर चढवला असता. तेव्हापासून डोंगरपायथ्याच्या दोघा ओळखीच्यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवलेत. जोराचा पाऊस झाला की ते फोन करतात, रात्री दोनलासुद्धा.

धागाकर्ता

चाळीसगावकर, हे फार मोलाचं आहे. आमच्या शिवारात आम्ही सात जणांनी पर्जन्यमापक घेतलेत. रोज सकाळी साडेआठला मोजतो आणि वहीत लिहितो. गेल्या मृगात एकाच दिवशी माझ्याकडे ४ मिलिमीटर आणि अडीच किलोमीटरवर २९ होते.

पुढे लिहिणाऱ्यांनी गाव, तारीख, अंदाजात काय होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, एवढं जरूर लिहा. स्क्रीनशॉट असेल तर तोही जपून ठेवा. खरीप आढावा बैठकीच्या वेळी ही वही आणि तुमचे अनुभव घेऊन मी तालुक्याला जाणार आहे.