वेळा अमावस्या : तीस माणसांची अंबील, भज्जी आणि न भरलेला हरभरा

प्रश्न – रत्नागिरीची लेक

माझे माहेर रत्नागिरीचे आणि सासर औसा तालुक्यातले. सासूबाई होत्या तोवर येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षात शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळा अमावस्येच्या, स्वयंपाकात माझे काम शेंगा सोलण्यापुरतेच होते. त्या गेल्यावर १९ डिसेंबर २०२५ची वेळा अमावस्या प्रथमच माझ्यावर आली. पूजा दिरांनी नीट केली. कडब्याची कोप (छोटी खोपी) उभारली, चुन्याने रंगवलेले पाच पांडव आत मांडले. माझे मात्र दोन ठिकाणी चुकले. शेतात पोहोचेपर्यंत अंबील (ज्वारीचे पीठ आणि ताकाचे पेय) फाटून वर पाणी आणि खाली चोथा झाला होता, आणि भज्जीत, म्हणजे शेंगा-भाज्यांच्या मिसळ भाजीत, घालायला हरभऱ्याचे घाटे तोडले तर ते आतून रिकामे निघाले. कोणी काही बोलले नाही, पण अंबिलीची बिंदगी (घागर) अर्धी भरलेलीच घरी परत आली.

तीस माणसांसाठी अंबिलीचे प्रमाण काय ठेवावे? पुण्याच्या जाऊबाईंचे म्हणणे आहे की तिकडे या दिवशी सुटी नसल्यामुळे पुढच्या खेपेस सण अलीकडच्या रविवारी करावा. हे चालेल का?

उत्तर – काळी माती

ताई, तुम्ही ताक घातले तेव्हा पीठ अजून गरम होते, असे वाटते. अंबील फाटण्याचे नेहमीचे कारण तेच. तुमच्या तीस माणसांच्या दहा लिटर अंबिलीला ज्वारीचे पाऊण किलो पीठ पुरते. ते आदल्या रात्री थोड्या ताकात कालवून आंबायला ठेवावे, सकाळी उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडत आणि सतत ढवळत शिजवावे, आणि भांड्याला हात लावून ते पूर्ण निवाल्याची खात्री झाल्यावरच उरलेले ताक, वाटलेला लसूण, जिरे, मीठ आणि कोथिंबीर घालावी. आमच्या आई निम्मे ताक वेगळ्या कळशीत शेतात नेत आणि पंगत बसण्याआधी मिसळत. बैलगाडीच्या हेलकाव्यांमुळे तसे करत असतील, पण आमची अंबील कधी बिघडली नाही.

हरभऱ्याचा दोष तुमच्याकडे नाही. तिथी चांद्रमासाची असल्याने सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. ११ जानेवारी २०२४, मग ३० डिसेंबर २०२४, मग १९ डिसेंबर २०२५, असा तो अलीकडे येत गेला, आणि उशिरा पेरलेला हरभरा तोवर भरत नाही. २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे पुढची वेळा अमावस्या जानेवारीत जाईल आणि सोलाणे (हरभऱ्याचे ओले दाणे) मिळतील. लवकरच्या सालात तुरीचे ओले दाणे, वाटाणा आणि वालाच्या शेंगा वाढवाव्यात. चुका, मेथी, कांद्याची पात, वांगी आणि गाजर तर असतातच. हरभऱ्याची उणीव चिंचेच्या कोळात कालवलेले बेसन बऱ्यापैकी भरून काढते. बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) मात्र विसरू नका. त्यांच्यावाचून भज्जी म्हणजे नुसती मिसळ भाजी.

उत्तर – भालकीकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त आम्ही बीदरकडचे लोक पीठ रात्री आंबवत नाही, कारण ताकच पुरेसे आंबट असते. कन्नडमध्ये या दिवसाला एळ्ळ अमावस्या म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ, आणि म्हणूनच आमच्या डब्यात तिळाची पोळी आधी आणि बाकी सारे नंतर. तुमच्याकडे शेतात नैवेद्य म्हणून जो चर शिंपतात, त्यालाच तिकडे चरग म्हणतात.

रविवारच्या प्रस्तावाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. हा कापणीनंतरचा सण नसून उभ्या पिकाचा, पोटऱ्यात आणि कणसात आलेल्या ज्वारीचा आहे, त्यामुळे दोन दिवसांनी पिकाचे काही बिघडत नाही. परंतु त्या अमावस्येला शेजारचे प्रत्येक शेत माणसांनी भरलेले असते, एका बांधावरून ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ अशी आरोळी उठली की दुसऱ्या बांधावरून उत्तर येते, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. रविवारी तुम्ही एकट्याच कोपीभोवती फिराल.

उत्तर – नोकरीनिमित्त पुण्यात

मी जाऊबाईंच्या बाजूने लिहितो. लातूर आणि धाराशिवला जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात. आम्हाला ती नसते, आणि मुलांची शाळा बुडवणे दरवर्षी जमत नाही. तरीही आमच्या घरी तडजोड अशी ठरली आहे की पूजा आणि चर त्या दिवशी गावातल्या भावाने करायचे, आणि आम्ही शनिवारी पोहोचून उरलेली भज्जी नव्हे, तर नव्याने केलेली भज्जी कोपीत बसून खायची. कोप तोवर मोडत नाही, एवढी मेहरबानी भाऊ करतो.

प्रश्नकर्ती – रत्नागिरीची लेक

सर्वांचे आभार. काळी माती यांचा अंदाज बरोबर आहे. पाहुणे वाटेवर आहेत म्हणून घाईने मी कोमट पिठातच सगळे ताक ओतले होते. जाऊबाईंना दोन्ही मते वाचून दाखवली. त्यांनी जानेवारीची रजा आत्ताच मागून ठेवली आहे, आणि तिळाच्या पोळ्या त्या पुण्याहून करून आणणार आहेत. एकच शंका उरते : ताक वेगळ्या कळशीत न्यायचे, तर लसूण-जिऱ्याचे वाटण घरी घालावे की शेतात?

उत्तर – काळी माती

घरीच, शिजवलेल्या पिठात, म्हणजे ते दोन-तीन तास मुरते. ताकात लसूण आधी घातला तर शेतात पोहोचेपर्यंत तो उग्र होतो.