तोडे चांदीचे का जर्मन सिल्व्हरचे? घरी घनता कशी काढायची?

हळदीचं_गाव:
आज्जीचे तोडे आहेत, त्यातला एक किचनच्या काट्यावर २१२ ग्रॅम भरला. आई म्हणते चांदीच, काकी म्हणते जर्मन सिल्व्हर, घरात दोन पार्ट्या पडल्यात. चांदीची घनता १०.४९ हे माहितीय पण पिळाच्या नक्षीचं आकारमान काढणार कसं, मापाच्या भांड्यात पाणी कितीसं चढलं तेच दिसत नाही. सांगलीत सराफाकडं नेण्याआधी काय करता येईल का?

मिरजेचा_पाहुणा:
मापाचं भांडं सोडा ओ, काट्यावरच होतंय सगळं. पातेलीत पाणी घेऊन काट्यावर ठेवा, शून्य करा, आणि तोडा दोऱ्यानं हातात धरून पूर्ण बुडेल असा सोडा, फक्त तळाला नि काठाला टेकता कामा नये. पाणी तोड्याला जेवढं वर ढकलतं तेवढाच जोर उलट काट्यावर पडतो, म्हणून जो ग्रॅमचा आकडा येईल तेच तोड्याचं आकारमान, घनसेंटीमीटरमध्ये; २१२ ला त्यानं भागलं की घनता. शुद्ध चांदी असेल तर २० च्या आसपास, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्त, घनता ८.६ वगैरे) असेल तर २५ दाखवेल. नक्षीत बुडबुडे अडकतात, पाण्यात लिक्विड सोपचा एक थेंब टाका.

विट्याचा_गडी:
आमच्यात निम्मं गाव गलाईत (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा), म्हणून सांगतो. जुन्या तोड्यात तांब्याची भेसळ असतेच, ८० टक्के चांदी धरली तर घनता १०.१ च्या पुढंमागं येते, त्यामुळं २१ आलं तरी काकीला जिंकू देऊ नका 😄 पण तोडा आतनं पोकळ किंवा लाख भरलेला असला तर खरी चांदीसुद्धा हलकी दाखवणार. आणि शिसं ११.३४ आहे, ते हलक्या धातूत मिसळून कुणी बरोबर साडेदहा आणू शकतो, तेव्हा आकडा जुळला म्हणजे चांदीच असं नाही, न जुळला तर मात्र शंका घ्यायची.

हळदीचं_गाव:
केलं. २१ वर थांबतोय, मधेच २० होतंय. भरीव वाटतोय, वाजवून बघितला. आता जोडव्यांचं पण बघू का, ९ ग्रॅमची आहेत?

मिरजेचा_पाहुणा:
त्या काट्यावर नको. चांदी असली तर ०.८६ आणि जर्मन सिल्व्हर असलं तर १.०५, दोन्हीला १ च दाखवणार तो. ०.०१ ग्रॅमवाला छोटा काटा मिळतो, तो कुणाकडनं तरी मागून आणा.