लहान कॉलेजांच्या मैदानावर एकट्याने गाजवलेले सामने: तुम्हाला कुठले ठाऊक आहेत?

पेठकरी (ओहायो)

मंडळी, नमस्कार. प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे, पण टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या विद्यापीठांचा नाही. मला लहान कॉलेजांबद्दल विचारायचंय.

माझा मुलगा इथल्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि टीमचा किकर आहे, म्हणजे बॉल पायाने गोलपोस्टमधून मारणारा. डिव्हिजन थ्री, कॉलेज खेळांचा एक छोटा गट. म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. पोरं पहाटे उठून थंडीत सराव करतात ती निव्वळ खेळायला मिळतं म्हणून. मैदानाच्या एका अंगाला मक्याचं शेत, दुसऱ्या अंगाला अॅल्युमिनियमचे बाक. हजार माणूस जमलं की गर्दी झाली म्हणायचं.

मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची (आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलची) मॅच असली की जेवण अर्धं टाकून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जागा धरायला पळायचो. आमच्याकडे कुणी एकदा मारलेला गोल तीस वर्षांनीही चहाच्या गाड्यावर जसाच्या तसा सांगतात. कुठल्या पायाने मारला, कुठल्या कोपऱ्यातून आला, गोली कुठल्या अंगावर पडला, सगळं. पेपरात त्याच्या दोन ओळी आल्या असतील किंवा नसतील.

गेल्या शनिवारी पोराने चौथ्या क्वार्टरमध्ये ३३ यार्डांची किक मारली. मी गोलपोस्टमागच्या कुंपणाला टेकून उभा होतो. होल्डरने, म्हणजे किकसाठी बॉल धरून देणाऱ्याने, बॉल टेकवला, बोटाने बॉलवरची लेस पुढे फिरवली, ‘थप्’ असा आवाज झाला आणि बॉल उजव्या खांबाला घासून आत आला. खांब पत्र्यासारखा वाजला. सामना आम्ही हरलोच. पण माझ्या शेजारी घोंगडीत गुंडाळलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी मांडीवरच्या वहीत पेन्सिलीने लिहिलं : ३३, उजवा खांब, आत. मागची पानं दाखवली. किती वर्षांचे सामने होते त्यात, सगळे हाताने लिहिलेले.

परतताना गाडीत पोरगा म्हणाला, “बाबा, हे कोण लक्षात ठेवणार?” मी त्याला वहीबद्दल सांगितलं. पण पुढे सांगायला माझ्याजवळ गोष्टी नव्हत्या. कोल्हापूरच्या शंभर आहेत, इथली एकही नाही.

म्हणून विचारतो. लहान कॉलेज, एक सामना, एक खेळाडू. नुसता आकडा नको, त्या दिवशी काय घडलं ते सांगा.

डॅलसकर

पेठकरी, पोरगा किकर आहे ना? मग त्याला दुसरं काही सांगण्याआधी ओव्हे योहान्सनचं सांगा.

मी एकवीस वर्षं टेक्सासात आहे. कामासाठी अॅबिलीनला जावं लागायचं, डॅलसहून पश्चिमेला अडीच-तीन तासांचा रस्ता, सपाट माळ आणि वारा. तिथे पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर १९७६. अॅबिलीन ख्रिश्चनचा होमकमिंगचा (माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याचा) सामना, समोर ईस्ट टेक्सास स्टेट. योहान्सन स्वीडनचा, आपल्या फुटबॉलमध्ये वाढलेला. अमेरिकन बॉल हातात, म्हणजे पायात, फार उशिरा आला. त्या दिवशी त्याने ६९ यार्डांचा फील्ड गोल, म्हणजे टेकवलेल्या बॉलला किक मारून गोलपोस्टमधून काढलेला गोल, मारला.

आता हे मैदानावर मांडून बघा. गोलपोस्ट गोल लाइनच्या १० यार्ड मागे असतो. म्हणजे गोल लाइनपासून बॉल ५९ यार्डांवर टेकवला होता. मैदान १०० यार्डांचं. सरळ अर्थ असा, की पठ्ठ्याने किक स्वतःच्याच अर्ध्यातून मारली, आपल्या ४१ यार्डांच्या रेषेवरून. मीटरमध्ये ६३. आणि तो बॉल १० फुटांवरच्या आडव्या दांड्यावरून गेला पाहिजे. त्या काळी कॉलेजच्या सामन्यात बॉल ‘टी’वर, म्हणजे छोट्या ठोकळ्यासारख्या आधारावर, ठेवायला परवानगी होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९८९ पासून ती बंद झाली. तरीही तुलना करा : जस्टिन टकरने २०२१ मध्ये डेट्रॉइटविरुद्ध ६६ यार्डांची मारली, ती दांड्यावर आपटून आत गेली आणि जगभर दाखवली गेली. तो व्यावसायिक खेळाडू, त्याच्यामागे सगळी यंत्रणा. हा एका छोट्या कॉलेजातला परदेशी मुलगा.

अजून एक. त्याच दिवशी, त्याच टेक्सासात, टेक्सास ए अँड एमच्या टोनी फ्रँकलिनने बेलरविरुद्ध ६४ आणि ६५ यार्डांच्या दोन किक मारल्या होत्या. तो अनवाणी पायाने मारायचा. एका राज्यात, एका शनिवारी हे सगळं. आणि योहान्सनच्याच सामन्यात त्याच्या टीममधल्या विल्बर्ट माँटगोमेरीने कारकिर्दीतल्या टचडाऊनचा (बॉल गोल लाइनपलीकडे नेऊन सहा गुण) कॉलेज विक्रम मोडला. एरवी होमकमिंगला तेवढी एकच गोष्ट वर्षभर पुरली असती.

पुढच्या वर्षी दोघेही फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघात गेले. माँटगोमेरी तिथे मोठा झाला, सुपर बोल (व्यावसायिक लीगचा अंतिम सामना) खेळला. योहान्सनच्या वाट्याला दोनच सामने आले. पण अॅबिलीनमध्ये आजही आधी त्या किकचीच गोष्ट निघते. पोराला सांगा, ती मारणारा तुझ्यासारखाच लहान कॉलेजातला होता.

विलॅमेटकाठची

डॅलसकरांनी किकरचं काढलं म्हणून मीही किकचंच सांगते, पण एकेका गुणाचं.

आम्ही पोर्टलंडजवळ राहतो. इथून तासाभरावर सेलम, तिथे विलॅमेट युनिव्हर्सिटी. १८ ऑक्टोबर १९९७ ला तिथे लिनफील्डशी सामना होता. लिनफील्ड म्हणजे या भागातलं मातब्बर घर. १९५६ पासून एकाही हंगामात हरण्याची बाजू जड झाली नव्हती, असा त्यांचा लौकिक. विलॅमेटचा नेहमीचा किकर जायबंदी झालेला. कोच डॅन हॉकिन्स यांनी मुलींच्या सॉकर टीममधली लिझ हीस्टन घेतली.

ती मैदानात आली, एक्स्ट्रा पॉइंट (टचडाऊननंतरची एका गुणाची किक) मारला, बाहेर गेली. नंतर पुन्हा आली, दुसरा मारला. विलॅमेट २७-० ने जिंकलं. त्यातले दोन गुण तिचे. कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात खेळून गुण मिळवणारी ती पहिली बाई.

मी हे माझ्या लेकीला सांगितलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिने विचारलं, “मग बाकीचे काय म्हणाले?” मला तिचा प्रश्न फार आवडला. कारण किक एकटीची नसतेच. स्नॅप करणारा, म्हणजे बॉल मागे देणारा, वाकतो, होल्डर गुडघा टेकतो, आणि समोरून धावून येणाऱ्यांना बाकीचे अंगावर घेतात. त्या दिवशी त्या सगळ्या मुलांनी तिच्यासाठी तेच केलं जे नेहमीच्या किकरसाठी केलं असतं. यातच मला त्या दिवसाचा मोठेपणा दिसतो.

पेठकरी दादा, तुमच्या आजोबांच्या वहीत हे कसं लिहिलं गेलं असतं, याचा विचार करत बसले आहे.

स्कोअरकार्ड

मी आकड्यांचा माणूस. तरी एक शंका मांडतो, रागावू नका.

नील लोमॅक्स, पोर्टलंड स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा. नोव्हेंबर १९८० मध्ये डेलावेअर स्टेटविरुद्ध एका सामन्यात आठ टचडाऊन पास, त्यातले सात पहिल्याच क्वार्टरमध्ये. निकाल १०५-०. वॉल्टर पेटन, जॅक्सन स्टेट, १९७२, लेन कॉलेजविरुद्ध एकट्याचे ४६ गुण. सात टचडाऊन आणि वर दोनदा दोन-दोन गुण. धावून काढलेले २७९ यार्ड. निकाल ७२-०.

समोरचा संघ इतका दुबळा असताना या खेळाला संस्मरणीय म्हणायचं का? मला १०५-० वाचताना हरणाऱ्या पोरांचंच वाईट वाटतं. ताई, तुमचे दोन गुण मला लोमॅक्सच्या आठ टचडाऊनपेक्षा जड वाटतात.

जॅक्सनचा मुक्काम

लोमॅक्सबद्दल पटलं. पेटनबद्दल नाही.

मी चार वर्षं मिसिसिपीत काढली, म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितोय. पेटन कोलंबिया गावचा. शाळेत आधी बँडमध्ये ड्रम वाजवायचा, मोठा भाऊ एडी टीममध्ये होता म्हणून हा उशिरा खेळायला लागला. १९७१ मध्ये भावाच्या मागोमाग जॅक्सन स्टेटला गेला. त्या राज्यात गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठांनी काळ्या खेळाडूंसाठी दार किलकिलं करायला नुकती सुरुवात केली होती. त्यामुळे कित्येक उत्तम खेळाडू जॅक्सन स्टेटसारख्या काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजांत असायचे, आणि बाहेरच्या जगाचं तिकडे लक्ष नसायचं. अशा ठिकाणी ४६ गुण काढले तर निदान कुणीतरी मान वर करून बघतं. १९७५ मध्ये शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर उचललं. दुबळ्या लेन कॉलेजवर मारलेले सात टचडाऊन आहेत, मान्य. पण पुढे त्याने तेच एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) बचावफळ्यांशी तेरा वर्षं केलं.

आणि जेरी राइस. तोही मिसिसिपीचाच, क्रॉफर्ड नावाच्या खेड्यातला. वडील गवंडी. उन्हाळ्यात पोरं वडिलांच्या हाताखाली. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर मचाणावर उभा राहून झेलायचा. हे त्याने स्वतः सांगितलंय. आपल्याकडे बांधकामावर विटा वर फेकताना बघितल्यात ना? खालचा न बघता फेकतो, वरचा न बघता धरतो, दोघांची लय बसलेली असते. वीट नीट धरली नाही तर बोट गेलं.

तो इट्टा बेनाच्या मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये गेला. कोच आर्ची कूली, क्वार्टरबॅक विली टॉटन. प्रत्येक चालीआधी हडलमध्ये (सल्लामसलतीच्या घोळक्यात) गोळा न होता भराभर पास करत सुटायचे. १९८३ मध्ये सदर्न युनिव्हर्सिटीविरुद्ध राइसने एका सामन्यात २४ झेल घेतले. चोवीस! चांगल्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) दिवसभरात आठ मिळाले तरी तो खूश असतो. विटांच्या सवयीचा हात होता तो. पुढच्या हंगामात २७ टचडाऊन झेलले. आज तिथल्या स्टेडियमला राइस आणि टॉटन दोघांचं नाव आहे. फेकणाऱ्याचंही नाव दिलं, हे मला फार बरं वाटलं.

सिनसिनाटीहून

पेठकरी, अहो तुम्ही ओहायोत बसून बाहेर शोधताय! तुमच्याच अंगणातली गोष्ट ऐका, आणि ही तर डिव्हिजन थ्रीचीच आहे.

१९९६ मध्ये मरिएटा कॉलेजच्या दान्ते ब्राउनने बॉल्डविन-वॉलेसविरुद्ध एका सामन्यात धावून ४४१ यार्ड काढले. सतरा वर्षं त्याला कुणी हात लावला नाही. मग २६ ऑक्टोबर २०१३ ला वेस्टर्न कनेटिकट स्टेटच्या ऑक्टाव्हियस मकॉयने वूस्टर स्टेटविरुद्ध ४५५ काढले. ४३ वेळा बॉल घेऊन घुसला, पाच टचडाऊन. बिचाऱ्याचा विक्रम चौदा दिवस टिकला. ९ नोव्हेंबरला ओहायोतल्याच टिफिन गावच्या हायडेलबर्ग युनिव्हर्सिटीतल्या कार्टेल ब्रुक्सने ४६५ केले. आणि कुणाविरुद्ध? पुन्हा बॉल्डविन वॉलेस! सतरा वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा त्याच कॉलेजच्या पोरांनी समोर उभं राहून हे सोसलं.

४३ वेळा म्हणजे काय, तर जवळजवळ दर दीड मिनिटाला एकदा शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर घ्यायची, उठायचं, परत जायचं. मी एकदा तुमच्या बाजूच्याच एका मैदानावर अगदी रेषेजवळून सामना पाहिला. टीव्हीवर ऐकू येत नाही ते तिथे ऐकू येतं : श्वास. चौथ्या क्वार्टरला रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) उठताना एका हाताने गवत धरून उठत होता. तेव्हापासून यार्डांचा आकडा वाचला की मला तो हात दिसतो.

पेठकरी (ओहायो)

सगळ्यांचे मनापासून आभार. टिफिनची गोष्ट मला ठाऊक नसावी याची खंत वाटली. तिथून आम्ही कितीदा तरी गेलोय. पुढच्या वेळी गाडी थांबवून ते मैदान बघणार.

स्कोअरकार्ड, तुमची शंका रास्त आहे. आमच्या पेठेतही सात-शून्यच्या मॅचमधले गोल कुणी सांगत बसत नाही. सांगतात तो एक-शून्यातला एक. पण पेटनचं वाचल्यावर मी हे सगळ्यांना लागू करणार नाही.

काल रात्री पोराला फोनवर सगळं वाचून दाखवलं. राइसच्या विटा त्याने दोनदा वाचायला लावल्या. हीस्टनचं ऐकून म्हणाला, “होल्डर कोण होता तिचा?” कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, त्याला खरंच हवंय. योहान्सनचं ऐकल्यावर तो गप्प झाला. मग टी किती उंचीची असायची, एवढंच विचारलं.

आज सकाळी सरावाआधीचा एक फोटो आला. दव पडलेलं रिकामं मैदान. ४१ च्या रेषेवर बॉल ठेवलाय, मागे त्याच्या बुटांच्या ओल्या खुणा. आणि पार तिकडे, मक्याच्या शेताच्या कडेला, आगपेटीतल्या काड्यांएवढे दोन पिवळे खांब. खाली लिहिलंय : “बाबा, इथून?”