गेंड्या भुंगा की सोंड्या भुंगा? माडावरील नुकसान कसे ओळखावे?

प्रश्न:
गुहागर तालुक्यातील आमच्या बागेत सात-आठ वर्षांचे ४० माड आहेत. त्यांपैकी सहा माडांच्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात. एका माडाच्या खोडातून मात्र तांबूस चीक ओघळत आहे. हे एकाच भुंग्याचे काम असावे का?

उत्तर १:
नाही, भुंगे दोन आहेत. त्रिकोणी काप गेंड्या भुंग्याचे. प्रौढ भुंगा न उमललेला कोंब पोखरतो आणि पुढे ते पान उलगडले की घडी घालून कातरलेल्या कागदासारखे दिसते. म्हणजे आज दिसणारी इजा जुनी असते. त्याच्या अळ्या माडाला शिवतही नाहीत, त्या शेणखतात आणि कुजक्या ओंडक्यांत वाढतात. सोंड्याचे नेमके उलट आहे. त्याची बिनपायांची अळी खोडाच्या आतच राहून गाभा खाते, त्यामुळे शेंडा कलेपर्यंत पुष्कळदा काही कळत नाही. चीक येतो तेथे चघळलेल्या तंतूंचा चोथा आहे का, ते आधी पाहावे.

उत्तर २:
हे दोघे आपल्याकडचेच. उपद्रवी पाहुणे ठरले ते परदेशात. सोंड्या १९८०च्या दशकात आखाती देशांत पोहोचला आणि रोपांच्या ने-आणीबरोबर खजुराच्या बागांत पसरला. गेंड्या १९०९ साली श्रीलंकेहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर सामोआत शिरला. तेथे पुढे एका विषाणूने त्याला बराच आवर घातला. ग्वाममध्ये २००७ साली सापडलेला प्रकार मात्र त्या विषाणूला दाद देत नाही.

उत्तर ३:
दोघांना वेगळे मानून चालणार नाही, कारण गेंड्याने पाडलेल्या भोकात आणि कोयत्याच्या ताज्या जखमेत सोंड्या अंडी घालतो. म्हणून गेंड्या आकड्याने ओढून काढून वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग भरावी. हिरवी झावळी तोडायचीच असेल, तर देठाचा सुमारे चार फूट भाग राखावा. सोंड्याचा कामगंध सापळा एकट्याने लावू नये, शेजारचे भुंगेही आपल्याकडे येतात. साऱ्या वाडीने मिळून लावावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. चिकाच्या भोकाशी चोथा आहे आणि तो हाताला ओलसर लागला. शेणाचा खड्डा त्या सहा माडांपासून जेमतेम पंधरा पावलांवर आहे. आज तो उकरला, तेव्हा अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या टोपलीभर निघाल्या.